बंदीतली निगा

जून लागतो, मासेमारीची बंदी सुरू होते आणि आमच्या नाटे गावातला बर्फाचा कारखाना गप्प होतो. एरवी दहा महिने त्याची धडधड गावाच्या अंगात मुरलेली असते. पाहुणे विचारतात, "हा कसला आवाज हो?" आणि आम्ही उलट त्यांनाच विचारतो, "कुठला?" पण बंदीच्या पहिल्या सकाळी तो आवाज थांबला की सगळं गाव दचकतं. बायका हातातलं काम टाकून उगाच दारापर्यंत येऊन जातात. कोंबड्याचं आरवणं, मशिदीतली बांग, समोरच्या घरातला खोकला, सगळं एकदम जवळ येऊन बसतं. शाळा उघडते तेव्हा माझ्या वर्गातली मुलं सवयीने ओरडून बोलतात आणि आपल्याच आवाजाला बिचकतात. मी शाळामास्तरीण, पण त्या दिवसांत कोणाला "हळू बोला रे" म्हणत नाही. ती शांतता मलाच सोसत नाही. यंदाही ती आली आणि तिच्या मागोमाग ते जुनं वर्ष आलं. त्याला बोलवावं लागत नाही.

बंदीचा वासही वेगळा. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात, त्या ओल्या झावळ्यांचा वास. पडवीत टांगलेल्या जाळ्यांना चिकटून राहिलेल्या समुद्राचा वास. घराघरात डब्यात भरलेली सुकट, भिजलेली मातीची कौलं, अंगणात कुजणारी फणसाची सालं, आणि या सगळ्यांवरून कारखान्याकडून येणारा ग्रीसचा, लाल रंगाचा आणि जळक्या ऑइलचा वास. हे मी सवयीने लिहून गेले. वासांबद्दल इतकं मोकळेपणाने लिहिताना आता मला जरा चोरट्यासारखं होतं. आमच्या घरात दोन माणसं आणि वास घेणारं नाक एकच.

बंदी म्हणजे कारखान्याला सुट्टी, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. खरं तर वर्षातलं सगळ्यात नाजूक काम तेव्हाच होतं. अमोनिया वायू टाकीत ओढून बंद करायचा, कॉम्प्रेसर उघडायचा, त्याच्या रिंगा आणि झडपा बघायच्या, थंडाव्याच्या नळ्यांवर साचलेला क्षार खरवडायचा, बर्फाचे गंजलेले साचे रंगवायचे. नारळी पौर्णिमेच्या आधी सगळं पुन्हा जुळवायचं आणि नळ्यांत वायू भरायचा. एखादा जोड ढिला राहिला असला तर तो याच वेळी बोलतो. म्हणून भरणीच्या दिवशी कारखान्यात गप्पा नाहीत, पंखा नाही, विडी तर नाहीच. एकच माणूस पुढे असतो, आणि तो नाकाने चालतो.

ते नाक आमच्या ह्यांचं होतं. गावात ह्यांना सदाभाऊ म्हणतात. ह्यांचा तोरा तुम्ही बघायला हवा होता. खाडीवरच्या सगळ्या बर्फ कारखान्यांतून बंदीच्या दिवसांत नवीजुनी माणसं शिकायला म्हणून आमच्याकडे पाठवत, आणि हे शेडमध्ये बाकडी मांडून वर्ग घेत. मी शाळेत तीस मुलांसमोर घसा फोडते, पण ह्यांच्यासारखा वर्ग मला कधी धरता आला नाही. "आधी नाक," हे म्हणायचे. "मग साबणाचा फेस. मग गंधकाची कांडी. कांडी पेटवून जोडाखालनं फिरवलीस आणि पांढरा धूर झाला तर वायू सुटतोय. पण कांडी कधी पेटवणार? नाकान सांगितला तर ना!" मग सगळ्यांना बाहेर अंगणात उभं करून विचारायचे, "वायू सुटला तर पळायचा कुठं?" कोणीतरी हमखास म्हणायचा, "घराकडं." हे कपाळावर हात मारायचे. "मेल्या, घराकडं नाय. वाऱ्याकडं. तोंड वाऱ्यात घालून पळ. वारा जिथं जातोय तिथं वायू तुझ्या आधी पोचलेला असतो."

पावसाळ्यात आमच्याकडे वारा समुद्रावरून येतो. कारखाना खाडीच्या तोंडाशी आहे आणि त्याच्या पाठीला, चढावर, माझी शाळा. हे मला माहीत होतंच, पण ते मी कधी मनाशी जोडून पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या नाकाच्या भरवशावर आपण मुलांना पाढे शिकवतो आहोत, असा विचार कोण करतं?

त्या मोठ्या साथीत आम्ही दोघं तापाने पडलो. मी आठवड्यात उठले. हे उशिरा उठले, पण धडधाकट उठले. तोंडाची चव गेली म्हणून लोणच्याची बरणी जवळ घेऊन बसायचे. गावात अर्ध्या लोकांचं तसंच झालं होतं. हळूहळू सगळ्यांची नाकं परत आली. ह्यांचंही आलं असेल असं मी धरून चालले, कारण ह्यांनी कधी काही म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही. पुढच्या बंदीत माहेराहून बरका फणस आला. मी तो मागच्या खोलीत पोत्याखाली पिकायला ठेवला होता आणि तो पिकला तो असा पिकला, की वाटेवरून जाणारा माणूस मान वळवून बघायचा. मुंग्यांची रांग लागली. शेजारची मुलं "काकी, कधी फोडताय?" म्हणून चकरा मारू लागली. आणि संध्याकाळी हे कारखान्यातून आले, त्याच खोलीत जाऊन कपडे बदलले, बाहेर येऊन बसले आणि म्हणाले, "यंदा तुझ्या भावान फणस नाय धाडला काय गो?"

मला आधी हसू आलं. वाटलं, थट्टा करतायत. आमच्या घरात थट्टेची रीत अशीच, चेहरा सरळ ठेवून. मी म्हटलं, "नाही धाडला. रागावलाय तुमच्यावर." हे म्हणाले, "माझ्यावर? मी काय केला त्याचा?" खरंच विचारात पडले. तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी आत गेले, फणस फोडला, गऱ्यांचं ताट भरून ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. ह्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण ह्यांचा चेहरा असा पकडला गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

"थोडा कमी येतो," हे म्हणाले. "येयल. कुठं जातोय?"

"किती कमी?"

"अगो, अमोनिया म्हणजे काय जाईजुई हाय? तो डोळ्यात झोंबतो, घशात धरतो. त्याला नाक कशाला लागतो?"

हे खोटंही नव्हतं. पण झोंबायला लागेपर्यंत किती सुटलेला असतो, हे ह्यांनीच दरवर्षी बाकड्यांवर बसलेल्यांना सांगितलेलं. "झोंबला म्हणजे उशीर झाला," हे ह्यांचं वाक्य. मी ते ह्यांना परत ऐकवलं नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून तो फणस संपवला, निम्मा शेजारी वाटला, आणि आमचं बोलणं भाताच्या लावणीवर गेलं.

भरणीला अजून अवकाश होता. मी ह्यांना वेळ दिला. तुम्हीच रशीदभाईंना सांगा, असं दोनदा सुचवलं. रशीदभाई म्हणजे कारखान्याचे मालक. आमच्या लग्नाच्या वरातीत पुढे चालणारा माणूस, ह्यांच्या शब्दाबाहेर नसलेला. त्यांना सांगायला कसली भीती? पण हे टाळत राहिले. कधी म्हणायचे, मंगेश जोडीला आहेच. मंगेश ह्यांच्या हाताखाली पंधरा वर्षं काम करून तयार झालेला, चाळिशीचा. कधी म्हणायचे, मी गंधकाची कांडी लावीन ना सगळीकडे. कधी नुसते उठून जायचे. मला ह्यांची लाज कळत होती. शिंप्याने दिसत नाही म्हणून कसं सांगायचं? गवयाने ऐकू येत नाही म्हणून? आणि मी शाळेत जायचे, चढ चढताना वारा पाठीवर घ्यायचे, वर पोचून मागे वळून बघायचे, तर कारखान्याचं पत्र्याचं छप्पर थेट माझ्या वर्गाच्या खिडक्यांच्या समोर. पहिलीची मुलं खिडकीत उभी राहून पावसात हात घालत असायची. मी त्यांना आत ओढायचे. मुलं समजायची, बाई भिजायला रागावतात.

भरणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी चहा गाळताना ह्यांना म्हटलं, "तुम्ही नाही सांगितलंत तर आज मी सांगणार आहे."

हे बशीत चहा ओतत होते. ओतत राहिले. बशी भरली, तोंडाशी नेली, प्यायले. मी वाट बघितली. रागावले असते, ओरडले असते, तर मलाही आवाज चढवता आला असता आणि भांडणाच्या भरात सगळं सोपं गेलं असतं. मी पिशवी घेतली, चपला घातल्या. मागून ह्यांचा आवाज आला, "छत्री घेऊन जा. वारा हाय."

शाळा सुटल्यावर गेले. रशीदभाई ऑफिसच्या दारात उभे राहून रंगवलेले साचे बघत होते. मी म्हटलं, "ह्यांना वास येत नाही. तापापासून." एवढंच म्हटलं. वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, समजावणीची, ह्यांच्या बाजूची. त्यातलं एकही आठवलं नाही. रशीदभाई साच्यांकडून माझ्याकडे वळले.

"सदाला ठावा हाय, तुमी इथं आलाव ता?"

"सांगून आलेय."

"मग बरा," ते म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "बाई, तुमी बरा केलाव. माजा पन नातू हाय तुमच्या शालेत." मला ते ऐकायचं नव्हतं. त्यांनी मला दोन शब्द सुनवावे, घरचं घरात ठेवायचं म्हणावं, अशी काहीतरी विचित्र आशा मी धरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी भरणीला मंगेश पुढे झाला. कारखाना सुरू करताना आमच्याकडे यंत्रासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. तो मान ह्यांचाच होता, आणि मंगेशने तो ह्यांच्याकडेच ठेवला. शनिवार होता, सकाळची शाळा, म्हणून मीही पोचले होते. हे कॉम्प्रेसरसमोर हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी यंत्राची निगा केली हा, त्यात काय उणापुरा राहिला असला तर सांभाळून घे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." "कुणाच्या हातान, कुणाच्या नजरेन काय चुकला असात तर पदरात घे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." मी मागे उभी होते. मग हे बाजूला झाले आणि भिंतीपाशी, साच्यांच्या रांगेजवळ जाऊन उभे राहिले. मंगेश एकेका जोडाशी वाकून श्वास घेत पुढे सरकत गेला. हे लांबून त्याच्याबरोबर प्रत्येक जोडाशी मान वाकवत होते. आपण मान वाकवतो आहोत हे ह्यांना कळत नव्हतं.

एकही जोड गळत नव्हता. कांडी सगळीकडून फिरली, धूर कुठे पांढरा झाला नाही. कॉम्प्रेसर एका दमात सुरू झाला, गावाची धडधड परत आली, पेढे वाटले.

मी पेढा हातात धरून उभी होते. काहीच झालं नव्हतं. हे पुढे असते तरी काहीच झालं नसतं. गळतच नव्हतं तर नाक असून नसून सारखंच. मग मी जे केलं ते कशासाठी केलं? निगेच्या कामाचं हेच दुखणं आहे. बिघडलेलं यंत्र दुरुस्त करणाऱ्याला लोक दंडवत घालतात, पण बिघडू न देणाऱ्याकडे दाखवायला काय असतं? न झालेला अपघात कोणी पाहिलाय? हे वर्षानुवर्षं तसंच काम करत आले. रिंगा झिजायच्या आत बदलायच्या, पट्टा तुटायच्या आत काढायचा. आणि हिशेबी माणसं म्हणायची, अजून वर्षभर चालला असता की पट्टा. हे म्हणायचे, "चालला असता. नाय तर नसता चालला." तेव्हा मला ते उत्तर फार आवडायचं. आता तेच उत्तर माझ्या वाट्याला आलं तर गिळवत नाही. मी ह्यांचा पट्टा काढला. चालला असता, नाही तर नसता.

गावाने त्याचं जमेल तसं केलं. बाईने नवऱ्याच्या पोटावर पाय दिला, असं कोणी विहिरीवर म्हणालं, ते माझ्यापर्यंत व्यवस्थित पोचवण्यात आलं. पोटावर पाय वगैरे नव्हता, काम होतंच. साच्यांचं, मिठाच्या पाण्याच्या टाकीचं, शिकवायचं. पण गावात माणसाला एक जागा असते, ती गेली. पूर्वी शेजारच्या कारखान्यात जरा वास आला की माणूस ह्यांना बोलवायला धावत यायचा. आता तो आमच्या दारावरून मंगेशकडे जायचा, आणि जाताना नजर चुकवायचा.

हे मात्र मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. हीच माझी तक्रार आहे. कधी तरी भाजी खारट झाली म्हणून, कधी सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून, त्या निमित्ताने का होईना, बोलायला हवं होतं. त्याऐवजी ह्यांनी मला कामाला लावलं. "बघ गो, दूध नासला काय?" "ह्या सदऱ्याला घामाचा वास येतो काय?" "गॅस बंद केलास? बघून ये." लहान मुलासारखे विश्वासाने विचारतात. मी बघून येते, सांगते. गणपतीत केवड्याचं पान आणलं की हे ते हातात घेऊन मला देतात आणि विचारतात, "चांगला हाय ना?" मी म्हणते, "चांगलं आहे." किती चांगलं, ते सांगत नाही. कितीदा वाटलं, आपलं नाक गेलं असतं तर बरं होतं. मला त्याचा काय उपयोग? खडूला वास नसतो.

पुढच्या बंदीपासून वर्गात नाकाची तपासणी सुरू झाली. कल्पना ह्यांचीच. रशीदभाईंनी भिंतीवर वायू हुंगणारं यंत्र बसवलं होतं, पण खाऱ्या हवेने त्याचं डोकं दर दोन महिन्यांनी फिरतं आणि पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. हे म्हणाले, "झडपा तपासतो, पट्टे तपासतो. माणसाचा नाक कोण तपासणार?" रशीदभाई ह्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तूच तपास." तेव्हापासून बंदीतल्या वर्गाच्या पहिल्या दिवशी, जो कोणी वायूच्या कामाला हात लावणार, त्याने डब्या हुंगायच्या.

डब्या मी भरते. औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या, सारख्या दिसणाऱ्या पाच डब्या, झाकणाला टाचणीने भोकं. आत कापूस. एकात जायफळ, एकात लसूण, एकात सुकट, एकात हिंग, आणि पाचवीत नुसता कोरा कापूस. कोरी डबी हवीच, हा ह्यांचा हट्ट. "वास नाय तिथं नाय म्हणता आला पायजे. नाय तर लोक मनचा सांगतात." आणि पहिला मान शिकवणाऱ्याचा म्हणून हे स्वतः बाकड्यावर बसायचे, पहिली डबी नाकाशी न्यायचे, आणि हसून म्हणायचे, "माझा इंजिन बंद. चला, पुढचा." सगळे हसायचे. एवढ्या मोकळेपणाने स्वतःला बाद करणारा माणूस बघितल्यावर दुसऱ्या कोणाला खोटं बोलायची हिंमत होत नसे. दोघं जण आजवर त्यात सापडले, दोघांना दुसरं काम मिळालं. लोक म्हणतात, सदाभाऊंनी चांगली रीत पाडली. मी घरी डब्या धुऊन ठेवते.

यंदा मंगेश चालला. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत मासळीच्या शीतगृहात त्याला काम मिळालं, मुलीही तिथेच कॉलेजला. म्हणजे भरणीला पुढे कोण, हा प्रश्न आला. मे महिन्याच्या अखेरीस रशीदभाई आमच्या पडवीत येऊन बसले. कोकम सरबत प्यायले, हवापाण्याचं बोलले आणि उठता उठता म्हणाले, "सदा, नाक परत आला असला तर सांग. माजी तर इच्छा हाय तूच परत पुढं व्हावा. नायतर भायरचा मानूस आणायला लागेल."

त्या दिवसापासून ह्यांना वास येऊ लागला.

"आज आमटीला लसणीची फोडणी," हे दारातूनच म्हणायचे. लसणीच्या साली केरात पडलेल्या असायच्या, पण मी तिकडे बघायचं टाळायचे. "अगो, थोडा थोडा येतो. धुक्यातनं दिसल्यासारखा." मी देवापुढे दिवा लावताना ते खरं असावं म्हणून मागणं मागितलं. डॉक्टर म्हणाले होते, कधी कधी वर्षांनी येतो परत. का येऊ नये? एवढ्या वर्षांनी ह्यांची चाल बदलली होती. खांदे वर आले होते. हे कॉम्प्रेसरच्या रिंगा स्वतः उतरवायला जाऊ लागले, ऑइलने काळे झालेले हात घेऊन घरी येऊ लागले. मला मुद्दाम आडून बघावंसं वाटेना, तपासावंसं वाटेना. एकदा तपासून मी काय मिळवलं होतं?

वर्ग सुरू व्हायच्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी डब्या भरल्या. हे दारात पाट टाकून चहा पीत बसले होते. नेहमी असे बसत नाहीत, पण मी म्हटलं, उत्साह आहे. माझा भरायचा क्रम ठरलेला आहे: आधी कोरी, मग जायफळ, लसूण, सुकट, आणि हिंग शेवटी; हिंगाचा हात दुसऱ्या कशाला लागला की संपलं. त्याच क्रमाने मी त्या ताटलीत लावल्या, वर रुमाल टाकला आणि शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून ह्यांच्याबरोबर कारखान्यात गेले.

शेडमध्ये बाकडी भरलेली. मंगेश मुद्दाम निरोपाला म्हणून आलेला. रशीदभाई खुर्ची घेऊन बाजूला. हे बाकड्यावर बसले, नेहमीसारखे हसले नाहीत. मंगेशने पहिली डबी पुढे केली. ह्यांनी डोळे मिटून श्वास घेतला. "कोरी." मंगेशने झाकण उघडून पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. दुसरी. "जायफळ." तिसरी. "लसूण." शेडमध्ये कुजबुज झाली. चौथीला "सुकट" म्हटल्यावर कोणीतरी टाळी वाजवली. पाचवी नाकाशी नेऊन हे म्हणाले, "हिंग. आणि चांगला, खड्याचा," आणि सगळी शेड उठून टाळ्या वाजवू लागली. मंगेशच्या डोळ्यांत पाणी होतं. रशीदभाई उठून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायला निघाले.

मीही टाळ्या वाजवत होते. मला इतका आनंद झाला होता की दोन श्वास मी तो नुसता प्यायले. मग पाट आठवला. दारातला पाट, हातातला कप, आणि ओट्याकडे लागलेले ह्यांचे डोळे. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडेच बघत होते, त्या फणसाच्या ताटासमोर बघितलं होतं तसे. एवढीच विनवणी होती त्यात, की आज राहू दे.

राहू द्यावंसं मला वाटलं. खरंच सांगते, फार वाटलं. काय होणार होतं? गेल्या वेळी तरी काय झालं होतं? बाहेर वारा सुटला होता आणि चढावरून मधल्या सुट्टीचा गलका स्पष्ट ऐकू येत होता, कारण कारखाना बंद होता.

मी पुढे गेले. मंगेशच्या हातून ताटली घेतली, सगळ्यांकडे पाठ केली, डब्यांची झाकणं लावली आणि त्या इकडच्या तिकडे फिरवल्या, मलाच कुठली कुठे ते कळेनासं होईपर्यंत. वळले. टाळ्या थांबल्या होत्या. "परत एकदा सांगा," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात निघतो तसा निघाला.

ह्यांनी पहिली डबी घेतली. नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. यावेळी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, "कोरी."

दुसरी घेतली. "कोरी."

तिसरी. "कोरी." चौथी. "कोरी." पाचवी हातात घेतली, हुंगलीच नाही, परत ताटलीत ठेवली आणि म्हणाले, "ही पण कोरीच गो."

रशीदभाई खाली बघत होते. हे बाकड्यावरून उठले, पुढच्या माणसाला जागा करून दिली आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "ह्यातली खरी कोरी कुठची?" हळूच विचारलं. रागाने नाही, शिकवणाऱ्या माणसाला पुढचा धडा सुरू करायला ते माहीत असावं लागतं. मला सांगता येईना. मी एकेक डबी उचलून हुंगू लागले. लसूण आला, जायफळ आलं, सुकट आली, सगळे वास आपापल्या जागी, लख्ख. हे माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.